आकड्यांची झाडाझडती

लातूर-नांदेडच्या औद्योगिक वसाहतींत, बाजार समितीच्या आडतींवर आणि साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांत एक मत गेली कित्येक वर्षे इतक्या निर्वेधपणे नांदत आले आहे की त्याला कोणी पुरावा मागत नाही, आणि कोणी मागितलाच तर मागणारा एकतर प्राध्यापक असावा किंवा त्याच्याजवळ रिकामा वेळ फार असावा, अशी सर्वांची सोयीस्कर समजूत होते. ते मत असे, की उत्पादनावर देखरेख ठेवण्यासाठी सांख्यिकीय नियंत्रण-आलेख, म्हणजे कारखान्याच्या बोलीत कंट्रोल चार्ट, वापरणे हा मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या पुण्या-चाकणच्या लोकांचा आणि आता फार तर हरंगुळच्या रेल्वे कोच कारखान्याचा शौक आहे. आमचा कच्चा माल शेतातून येतो, आमची वीज येते आणि जाते, आमचा कामगार हंगामी, आमचे यंत्र दोनदा विकले जाऊन आमच्याकडे आलेले. इथे सरासरी कसली आणि मर्यादा कसल्या? इथे लागते ती नजर, लागतो तो अनुभव, आणि वेळप्रसंगी आवाज चढवण्याची तयारी.

हे मत अडाण्यांचे असते तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. ते मांडणाऱ्यांपैकी अर्ध्यांनी अभियांत्रिकीच्या परीक्षेत पाच-पाच नगांच्या गटासाठी ०.५७७ हा गुणक बिनचूक लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवलेले असतात. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ज्याची सत्यता त्यांना मान्य होती, ती गिरणीच्या दारात पाऊल टाकताच कशी रद्दबातल झाली, हे कोडे मला आजवर कोणी उलगडून सांगितलेले नाही.

पूर्वपक्ष बळकट करूनच खोडावा, हा आपल्याकडील वादाचा जुना शिरस्ता आहे. म्हणून प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या वकिलाने मांडावे तितक्या नेटाने आधी मांडतो. पहिले, नियंत्रण-आलेखासाठी प्रक्रिया स्थिर असावी लागते आणि मराठवाड्यात काहीच स्थिर नाही. दुसरे, मुरलेल्या मिस्त्रीच्या डोळ्याला जे दिसते ते कागदावरच्या ठिपक्यांना दिसत नाही. तिसरे, माल मानकाच्या मर्यादेत बसतो, ग्राहकाची तक्रार नाही, मग आणखी रेघा कशाला? चौथे, आकडे आम्ही रोजच पाहतो आणि आकडा घसरला की त्याच दिवशी संबंधितांची झाडाझडती घेतो. याहून जागरूक व्यवस्थापन ते कोणते? पाचवे म्हणणे सहसा उघड बोलले जात नाही: आलेख आमच्या भिंतीवर आहेतच, ऑडिटर येतो तेव्हा ते उपयोगी पडतात.

आता ज्या वस्तूवर एवढा राग आहे ती वस्तू काय आहे, हे तरी एकदा नीट पाहावे. अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक या टेलिफोनची सामग्री बनवणाऱ्या कंपनीतील वॉल्टर शूहार्ट या भौतिकशास्त्रज्ञाने १६ मे १९२४ रोजी आपल्या वरिष्ठाला एक छोटेखानी टिपण दिले आणि त्यात एका आलेखाचा नमुना काढून दाखवला. त्यातला विचार साधा होता. कोणतीही प्रक्रिया, ती कितीही काळजीपूर्वक चालवली तरी, अगदी एकसारखा आकडा दोनदा देत नाही. तिच्या नेहमीच्या वागण्यातच काही चढउतार मुरलेला असतो. हा मुरलेला चढउतार किती, ते त्याच प्रक्रियेच्या मागील नोंदींवरून काढावे, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना प्रमाण विचलनाच्या तिप्पट अंतरावर एकेक रेघ ओढावी, आणि जोवर बिंदू या दोन रेघांच्या आत दिशाहीन हिंडत आहेत तोवर कोणा एका बिंदूमागे खास कारण शोधू नये. बिंदू बाहेर पडला, किंवा लागोपाठ आठ-नऊ बिंदू मध्यरेषेच्या एकाच अंगाला जाऊन बसले, तर मात्र काम थांबवून कारण हुडकावे. या रेघा मालकाच्या इच्छेतून निघत नाहीत, ग्राहकाच्या करारनाम्यातून निघत नाहीत, सरकारी मानकातूनही निघत नाहीत. त्या प्रक्रियेने स्वतः दिलेल्या जबानीतून निघतात. एवढेच ते शास्त्र. त्यासाठी शाळेतल्या वहीचा चौकटीचा कागद आणि आठवीच्या मुलाचे गणित पुरते.

हे परक्यांचे, विशेषतः जपान्यांचे, तंत्र आहे असे जे म्हणतात त्यांना एक तारीखवार गोष्ट सांगण्याजोगी आहे. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंगची ज्या व्याख्यानांसाठी एवढी कीर्ती झाली ती जपानमधील व्याख्याने १९५० सालची. त्याआधीच, १९४७-४८ च्या हिवाळ्यात, स्वतः शूहार्ट भारतीय सांख्यिकी संस्थेच्या प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून भारतात येऊन इथल्या कारखानदारांसमोर हे सर्व सांगून गेला होता, आणि पुढे १९५० च्या दशकात त्याच संस्थेने कारखान्यांना हे काम शिकवण्यासाठी मुंबईतही आपले केंद्र उघडले. गुरू आमच्या दारी आधी आला. मराठवाड्यापुरती सबब एकच आहे, की त्या हिवाळ्यात नांदेड आणि लातूर दोन्ही निजामाच्या अंमलाखाली होते आणि इथल्या माणसांना मालाच्या प्रतीपेक्षा जिवाची काळजी अधिक होती. परंतु १७ सप्टेंबर १९४८ च्या मुक्तीलाही आता पाऊणशे वर्षे उलटून गेली. ही सबब आणखी किती दिवस चालवायची?

पहिल्या आक्षेपाकडे वळतो. लातूरच्या एखाद्या डाळ गिरणीत जाऊन उभे राहावे. तूर चाळून घेतात, एमरीच्या रोलरवर तिच्या सालीला ओरखडे पाडतात, तेलाचा हात लावतात, ऊन देतात, पाण्याचा शिपका मारून पुन्हा वाळवतात, आणि मग दाणा सोलून फोडतात. १०० किलो तुरीतून गिरणीगणिक ७० ते ७५ किलोच्या आसपास डाळ हाती येते; बाकीची टरफल, चुनी, कणी आणि पूड होऊन वेगळ्या भावाने जाते. रोलरपाशी उभा असलेला मिस्त्री मधूनमधून ओंजळभर माल तळहातावर पसरतो, फुंकर मारून टरफल उडवतो आणि साल न निघालेले दाणे अंगठ्याने बाजूला सारतो. ते मोजायला त्याला अर्धे मिनिटही लागत नाही. समजा, ठरावीक मापाच्या नमुन्यात असे दाणे सरासरी ९ सापडतात. मोजून काढलेल्या दोषांच्या बाबतीत नियम असा, की सरासरीचे वर्गमूळ हेच प्रमाण विचलन धरावे. ९ चे वर्गमूळ ३, त्याची तिप्पट ९, म्हणून वरची मर्यादा १८ आणि खालची शून्य. म्हणजे एखाद्या तासाला १४ दाणे निघाले तरी गिरणीत काही बिघडलेले नाही, आणि पुढच्या तासाला ५ निघाले तरी कोणी काही सुधारलेले नाही; दोन्ही वेळा तीच गिरणी, तीच तूर, तोच मिस्त्री आहे.

प्रत्यक्षात काय होते? १४ दिसले की शेठजी गादीवरून हाक मारतात, मिस्त्री मालाची वाट अडवून दाणा रोलरवर जास्त वेळ घासू देतो, साल निघते आणि तिच्यासोबत डाळीची कडही झिजून चुनीत जाते. तासाभराने ५ दिसले की तूट नको म्हणून वाट पुन्हा मोकळी केली जाते. आणि असे दिवसभर चालते. डेमिंगने नरसाळ्यातून गोटी खाली टाकण्याच्या आपल्या प्रसिद्ध प्रयोगात हेच दाखवले होते: गोटी लक्ष्यापासून जितकी चुकली तितके नरसाळे उलट दिशेला सरकवत गेले, तर चुका कमी होण्याऐवजी त्यांचे प्रचरण बरोबर दुप्पट होते, म्हणजे गोट्यांचा पसारा सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. काहीही न करणारा माणूस या दक्ष माणसापेक्षा चांगली डाळ काढील. ‘आमच्याकडे काही स्थिर नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांनी आपल्या अस्थैर्यातला कितवा हिस्सा पावसाचा आणि कितवा आपल्याच हाताचा, याचा हिशेब कधी मांडला आहे काय? तो मांडण्याचे साधन एकच आहे, आणि नेमके तेच त्यांना नको आहे.

राहिला प्रश्न तुरीची गाडी बदलण्याचा, वाण बदलण्याचा, आडतीवर जिला ‘हवा’ म्हणतात ती दाण्यातली ओल बदलण्याचा. ती बदलली तर आलेखावर बिंदू वर जातील. जावेत म्हणूनच तो आलेख आहे. गोदावरीचे पाणी सारखे चढते-उतरते म्हणून नांदेडच्या पुलापाशी पातळीची पट्टी नको, असे आजवर कोणी म्हटल्याचे मी ऐकले नाही. स्थैर्य ही आलेखाची पूर्वअट नाही. स्थैर्य आहे की नाही, ते किती काळ टिकले आणि कोणत्या तासाला मोडले, हे सांगणे हेच त्याचे काम आहे.

दुसरा आक्षेप नजरेचा. या नजरेबद्दल मला आदर आहे, पण मराठवाड्याच्या माणसाने तरी तिच्या नावाने शपथ घेऊ नये. सरकारी दफ्तरात पिकाच्या ‘नजरअंदाज पैसेवारी’ नावाचा जो प्रकार दरवर्षी जाहीर होतो, आणि ५० पैशांच्या अलीकडे की पलीकडे यावरून गावेच्या गावे ज्याच्यापायी तहसीलवर मोर्चे नेतात, त्याचा अनुभव घेतलेल्या प्रदेशात नजरेचा अंदाज निर्विवाद असतो हे वाक्य कोणाच्या तोंडी शोभेल? पीक डोळ्याने न जोखता, यदृच्छेने निवडलेल्या शेतांत ठरावीक तुकडा कापून, मळून, तोलून पाहावे, हा मार्ग १९४० च्या दशकात या देशात रूढ करणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातील बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि इंदूरचे विनायक गोविंद पानसे ही दोन मराठी नावे अग्रभागी आहेत. त्यांनी तलाठ्याच्या डोळ्याचा अपमान केला नाही. त्या डोळ्याला मोजमापाची जोड दिली. नियंत्रण-आलेख मिस्त्रीच्या बाबतीत तेच करतो. बिंदू रेघेबाहेर गेला एवढेच आलेख सांगतो. का गेला, तुरीला ऊन कमी लागले होते की एमरी गुळगुळीत झाली, हे सांगायला मिस्त्रीच लागतो. उलट, आज त्या अनुभवी माणसाचा दिवस जातो तो शेठजींच्या प्रत्येक हाकेला ओ देण्यात, आणि खरोखर एमरी झिजते त्या दिवशी त्याची हाक ऐकायला कोणी नसते.

इथे एक अवांतर. ज्या लातूरने ‘लातूर पॅटर्न’च्या नावाखाली दहावी-बारावीच्या पोरांच्या सराव परीक्षांचा गुण अन् गुण नोंदवून, कोणत्या प्रकरणात कोण कुठे चुकतो याचे तक्ते करून महाराष्ट्रभर नाव मिळवले, त्याच लातुरात त्या पोराचे वडील आपल्या गिरणीतला एक आकडा कागदावर उतरवायला तयार नसतात. मुलाच्या बाबतीत जे शास्त्र, ते यंत्राच्या बाबतीत थोतांड!

तिसरे म्हणणे, माल मर्यादेत आहे. कोणाच्या मर्यादेत? १ किलोच्या डाळीच्या पाकिटाला २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार १५ ग्रॅमपर्यंतची तूट एखाद्या पाकिटात चालते, मात्र सर्व पाकिटांची सरासरी छापील वजनाखाली जाता कामा नये. या नियमाच्या धाकाने पुष्कळ गिरण्या तोलयंत्र थोडे वरच लावून ठेवतात. ‘वर गेले तर कोण विचारतो’ असा हिशेब. समजा, यंत्राचा नेहमीचा चढउतार ४ ग्रॅम प्रमाण विचलनाचा आहे आणि ते १,०१२ ग्रॅमवर लावले आहे. प्रक्रिया काबूत आहे एवढे आलेखाने दाखवले, तर तेच यंत्र १,००२ वर लावूनही तळाची पाकिटे ९९० च्या आसपास थांबतील, कायदा शाबूत राहील, आणि पाकिटामागे १० ग्रॅम वाचतील. दिवसाला २०,००० पाकिटे भरणाऱ्याची दोन क्विंटल डाळ. ‘मर्यादेत आहे’ म्हणून निर्धास्त बसलेला मालक रोज दोन क्विंटल डाळ दान करतो आणि पुण्यही त्याच्या पदरी पडत नाही, कारण घेणाऱ्याला ते ठाऊकच नसते.

नांदेडकरांना याहून जवळचे उदाहरण हवे असेल तर राष्ट्रध्वजाचे घ्यावे. भारतीय मानकांच्या यादीत पहिल्या क्रमांकाचे मानक ध्वजाचे आहे. उदगीरच्या कापडापासून मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती नांदेडला ध्वज तयार करते, आणि लांबी-रुंदीचे तिनास दोन हे प्रमाण, २४ आऱ्यांचे चक्र, कापडाची वीण, वजन, ताकद, रंगाची छटा या सर्वांना मानकाने हद्दी मुक्रर केलेल्या आहेत. अशा ठिकाणी मानकाची हद्द आणि प्रक्रियेची हद्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसेल. मानक तयार कापडाबद्दल निवाडा देते: पसंत किंवा नापसंत. नापसंत झालेले कापड मानकामुळे सुधारत नाही; हातमागावर बसलेल्या बाईची मजुरी, सूत आणि दिवस गेले ते गेलेच. मागावरची वीण हळूहळू विरळ होऊ लागली आहे, हे कापड अजून पसंतीच्या हद्दीत असतानाच सांगणारे साधन हवे असेल, तर ते प्रक्रियेच्याच आकड्यांतून काढावे लागते. हाताने कातलेल्या सुताला, हाताने विणलेल्या कापडाला आलेख कसला, असे विचारणाऱ्यांना मी म्हणेन, की जिथे चढउतार स्वभावतःच अधिक तिथेच नेहमीचा चढउतार कोणता आणि अनोळखी कोणता हे ओळखण्याची गरज अधिक. एकाच साच्यातून निघणाऱ्या बाटलीच्या झाकणांना एक वेळ आलेखाशिवाय चालेल.

वाटेत विद्वानांचा एक आक्षेप आडवा येतो, की हे सारे प्रसामान्य वितरणावर आधारलेले आहे आणि आमचे आकडे त्या घंटेच्या आकारात बसत नाहीत. बसू नयेत. आकडे कोणत्याही आकारात पसरलेले असोत, प्रमाण विचलनाच्या तिपटीबाहेर त्यांचा नवव्या हिश्शाहून अधिक भाग जाऊच शकत नाही, हे चेबिशेव्हने शूहार्टच्या पुष्कळ आधी सिद्ध करून ठेवले होते; प्रत्यक्षात तो याहून फारच कमी जातो, आणि वितरण प्रसामान्य असेल तर १०,००० त २७. शूहार्टने ही तिप्पट सिद्धांताच्या सोवळेपणासाठी निवडली नाही. खोट्या इशाऱ्यामागे धावण्याचा खर्च आणि खरा इशारा चुकण्याचा खर्च यांचा मेळ तिथे बसतो, हा व्यवहार पाहून निवडली. आमच्या व्यापाऱ्यांना तर हे तत्त्व जन्मतःच समजायला हवे.

आता चौथा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्या विरोधाचे मूळ इथेच आहे. साखर कारखान्यात आकड्यांचा दुष्काळ नाही. रसाचा ब्रिक्स आणि पोल, सामू, बगॅसमधून वाया जाणारी साखर, मळीची शुद्धता, हे सारे प्रयोगशाळा पाळीपाळीला नोंदवत असते, आणि गाळप सुरू असेपर्यंत रोज सकाळी आदल्या दिवसाचा उतारा, म्हणजे उसातून निघालेल्या साखरेचे टक्के, वरपर्यंत कळवला जातो. काल १०.८२ होता, आज १०.७४ आहे. टेलिफोन वाजतो. चीफ केमिस्टने खुलासा द्यायचा असतो आणि तो देतोही: ऊस शिळा आला, पाचट जास्त होते, रात्री मिल दोनदा थांबली, इंबिबिशनचे पाणी कमी पडले. ही कारणे खोटी नसतात. अडचण एवढीच, की परवा उतारा वाढला तेव्हाही ती सगळीच्या सगळी हजर होती. फक्त त्या दिवशी त्यांना कोणी बोलावले नाही. दुसऱ्या दिवशी आकडा पुन्हा १०.८० वर येतो, आणि टेलिफोन करणाऱ्याची खात्री पटते की आपण दम दिला म्हणून आला. आकडा सरासरीकडे आपण होऊन परतला असता, हे त्याला सांगणार कोण?

साध्या रीतीने पाहू. रोजच्या उताऱ्यात लागोपाठच्या दोन दिवसांमधला फरक सरासरीने ०.०६ असेल, तर त्याला २.६६ ने गुणून मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना सुमारे ०.१६ चे अंतर मिळते; म्हणजे १०.८० च्या मध्यरेषेभोवती १०.६४ ते १०.९६ हा त्या कारखान्याचा नेहमीचा वावर झाला. १०.७४ साठी टेलिफोन करणे म्हणजे ओळखीच्याच माणसाला रोज नाव विचारणे. यावर लगेच सांगतात, की हंगामाच्या आरंभी उतारा कमी असतो, जानेवारी-फेब्रुवारीत चढतो आणि उन्हाळा लागला की पडतो, तेव्हा सरळ रेघ चालणार नाही. बरोबर आहे, मग मध्यरेषा हंगामाच्या कलाने वाकती काढावी, किंवा त्याहून बरे, उतारा बाजूला ठेवून बगॅसमधल्या साखरेचा आलेख काढावा, कारण ती उसापेक्षा मिलच्या चालण्यावर अधिक अवलंबून असते. हे न करता ‘उसाचे काही खरे नाही’ म्हणून हात झटकायचे आणि त्याच उसाच्या आकड्यावरून माणसाला फैलावर घ्यायचे, या दोन गोष्टी एकाच तोंडाने कशा होतात?

प्रत्येक शतांश मोलाचा आहे, हेही ऐकवले जाते. आहेच. २०२४-२५ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यास उसाला क्विंटलमागे ३४० रुपये एफआरपी (रास्त व किफायतशीर दर) होती आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.३२ रुपये. पण तो हिशेब हंगामाच्या उताऱ्यावर होतो, मंगळवारच्या उताऱ्यावर नव्हे. आणि हंगामाचा उतारा वाढतो तो रोलरची घडण, तोडणीपासून गाळपापर्यंतचा वेळ, बाष्पीभवनाची व्यवस्था बदलून, म्हणजे जे बदलण्याचा अधिकार आणि पैसा फक्त संचालकांच्या हाती आहे ते बदलून. पाळीवरच्या केमिस्टने मान खाली घातल्याने त्यात एक ग्रॅम साखर वाढत नाही.

डेमिंग आपल्या शिबिरांत एक खेळ करून दाखवीत असे. पेटीत ४,००० मणी, त्यांतले ८०० लाल, बाकी पांढरे. ‘कामगारांनी’ ५० भोकांची पळी बुडवून मणी काढायचे. लाल मणी म्हणजे सदोष माल. कोणाला ६ लाल येत, कोणाला १३. डेमिंग मुकादमाच्या थाटात सहावाल्याची पाठ थोपटी, तेरावाल्याला समज देई, दुसऱ्या दिवशी आकडे उलटले की शाबासकी घेतलेला कामगार आळशी झाला म्हणून हळहळे, आणि शेवटी निम्म्यांना कामावरून कमी करी. गणिताने पाहिले तर त्या पेटीतून २ पासून १८ पर्यंत कितीही लाल मणी येणे अगदी स्वाभाविक; पेटी कोणी भरली हा एकच विचारण्याजोगा प्रश्न, आणि तो कामगाराला विचारण्यात अर्थ नव्हता. लोक हसत. आमच्याकडे हा खेळ दर हंगामात पाच-सहा महिने चालतो आणि कोणी हसत नाही.

नियंत्रण-आलेख कामगारावर पाळत ठेवण्याचे साधन आहे, हा समज मालक आणि कामगार दोघांचाही आहे आणि दोघांचाही चुकीचा आहे. आलेख प्रामुख्याने मालकाचा हात धरतो. रेघांच्या आत असलेल्या बिंदूवरून कोणाचा जाबजबाब घेता येत नाही, मेमो देता येत नाही, इन्क्रिमेंट रोखता येत नाही; आणि खुर्चीचा अर्धा दरारा तर याच गोष्टींवर उभा आहे. म्हणून तो नको असतो. वीज जाते, तूर बदलते, माणसे शिकलेली नाहीत, ही वरवरची कैफियत. खरी हरकत अधिकाराला लागणाऱ्या लगामाला आहे.

पाचव्या मुद्द्याला फार जागा देण्याचे कारण नाही. एका कारखान्यात, नाव सांगण्यात हशील नाही, ऑडिटच्या सुमारास भिंतीवर मांडलेला महिन्याभराचा आलेख मी जवळून पाहिला. ३० बिंदू, एकाच निळ्या शाईचे, एकाच तिरक्या वळणाचे, सगळे मध्यरेषेला लहान मुलांसारखे बिलगलेले. मध्यरेषेपासून एका प्रमाण विचलनाच्या बाहेर एकही नाही. काबूत असलेल्या प्रक्रियेतही सुमारे एकतृतीयांश बिंदू त्या पट्ट्याच्या बाहेर जातात. ३० च्या ३० आत राहण्याचा योग लाखात एखादा. पोळ्याच्या दिवशी कारखाना बंद होता, तरी पोळ्याचाही बिंदू होता. ऑडिटरने सही केली. यावरून आलेख निरुपयोगी ठरतात असे जे म्हणतात, त्यांनी खोट्या सातबाऱ्यावरून जमीन नसतेच असे का म्हणू नये? संगणकावर काढलेल्या रंगीत आलेखांचीही तऱ्हा पुष्कळदा वेगळी नसते: सगळ्या महिन्याचे आकडे एकत्र करून त्यांचेच प्रमाण विचलन घेतले की मर्यादा इतक्या ऐसपैस होतात की खुद्द बिघाडही त्यांच्या आत आरामात मावतो. यंत्र तेवढेच शहाणे, जेवढा ते बसवणारा.

तेव्हा ‘आमच्याकडे हे चालत नाही’ म्हणणाऱ्यांपुढे एकच मागणी ठेवतो, आणि तीत एका पैशाचा खर्च नाही. पुढच्या हंगामाच्या बॉयलर अग्निप्रदीपनाला पुजारी, पाहुणे आणि वार्ताहर जमतील त्याच्या आधी, आपल्याच दफ्तरातले गेल्या हंगामाचे बगॅसमधल्या साखरेचे रजिस्टर काढावे. डाळवाल्याने रोजच्या चुनीचा आणि पाकिटवाल्याने वजनांचा हिशेब काढावा. मुनीमजींना सांगून लागोपाठच्या आकड्यांतील फरकांची सरासरी काढावी, २.६६ ने गुणावी, दोन रेघा ओढाव्यात आणि सगळे आकडे त्यावर मांडावेत. मग आवक-जावक वहीतून त्या हंगामात काढलेले मेमो, मागितलेले खुलासे, भरलेले दंड तारखेनिशी काढून त्याच कागदावर तांबड्या पेन्सिलीने खुणा कराव्यात. किती तांबड्या खुणा रेघांबाहेरच्या बिंदूंवर पडतात ते मोजावे. आणि रेघांबाहेर गेलेल्या किती बिंदूंवर एकही खूण नाही, तेही मोजावे. काम एका दुपारचे आहे. तो कागद माझ्यासमोर ठेवून मग मराठवाड्याच्या मातीचा, विजेचा आणि माणसांचा वेगळेपणा मला खुशाल समजावून द्यावा. तोवर ‘आमच्याकडे हे चालत नाही’ हे वाक्य मी पुरावा म्हणून दाखल करून घ्यायला तयार नाही.